आज हिचा दिवस नाही

वहिनी,

तुमच्या फोटोसमोर बसले आहे आणि माझे ओठ हलताहेत, म्हणून घरच्यांना वाटतंय की मी काहीतरी स्तोत्र म्हणतेय. वाटू दे. मी तुमच्याशी भांडतेय. तुम्ही होतात तेव्हा एकही भांडण तुम्ही धड पुरं होऊ दिलं नाहीत. ‘हं’ म्हणायचात आणि कढईकडे वळायचात. आता वळायला कढई नाही, तेव्हा ऐका.

तुमचं तेरावं झालं. अर्धं दौलतगंज जिना चढून येऊन गेलं. प्रत्येकाने तुमचं कौतुक केलं आणि प्रत्येकाने ते माझ्याकडे बघून केलं. "अशी जाऊ मिळायला नशीब लागतं." "सगळं घर त्यांच्या जिवावर उभं होतं." आणि मग आवाज जरा खाली आणून, "तुझं तर सगळं त्यांनीच केलं, नाही का?" मी मान हलवत होते. दुःखाच्या घरात वाद घालत नाहीत, एवढं वळण मलाही आहे. पण मनात म्हणत होते, केलं ना, सगळं केलं. इतकं केलं की मी कशी आहे हे सांगायचं कामही त्यांनीच केलं.

ह्याच गोष्टीचा मला राग आहे. तुम्ही गेल्याने तो कमी झालेला नाही. उलट आता तो ठेवायला जागा सापडत नाही.

मला जे झालं आहे, त्याला अजून धड नाव नाही, हे तुम्हाला माहीत आहे. इथल्या डॉक्टरांनी एक नाव दिलं. दिल्लीच्यांनी ते खोडून दुसरं दिलं. तिसऱ्यांनी दोन्ही नावांवर शंका काढली आणि औषध मात्र तेच ठेवलं. एखाद्या सकाळी उठावं तर बोटं सुजून आलेली, मूठ मिटत नाही, अंगात बारीक ताप. आणि मग कित्येक आठवडे काहीच नाही. इतकं काहीच नाही की मलाच वाटावं, आपण तेव्हा नाटक तर करत नव्हतो? न कळवता येणारा आणि न सांगता जाणारा पाहुणा असावा तसा हा आजार. त्याच्या वाटणीची पोळी लाटायची की नाही, हे आदल्या दिवशी ठरवताच येत नाही. मी त्याच्याशी जमवून घेतलं असतं. हळूहळू घेतही होते. पण मधे तुम्ही होतात.

रोज सकाळचा चहा. भाऊजी पेपर घेऊन, तुमचा धाकटा दीर श्रीकांत बुटाच्या नाड्या बांधत, माझी मुक्ता अर्धी झोपेत. तुम्ही कप माझ्या हातात द्यायचात आणि देता देता माझं मनगट धरायचात. अंगठ्याने बोटांची पेरं एकेक करून दाबायचात, भेंडी कोवळी आहे का बघतात तशी. मग माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघून सांगायचात, "आज हिचा दिवस नाही." नाहीतर, "आज ठीक आहे ही." झालं. त्यावर घर चालायचं. श्रीकांत संध्याकाळचा बेत रद्द करायचा किंवा नाही करायचा. मुक्ता मला मिठी मारायची किंवा लांबूनच हात हलवून जायची. माझ्या तब्येतीची बातमी माझ्यासकट सगळ्यांना एकाच वेळी कळायची.

"वहिनी, मी बरी आहे," मी म्हणायचे.

"हं," तुम्ही म्हणायचात.

आणि खरं सांगू? पुष्कळदा तुमचंच बरोबर असायचं. संतापाची गोष्ट तीच होती. तुम्ही चुकत असतात तर मी तुम्हाला हसून सोडून दिलं असतं. पण तुमचा अंगठा माझ्या सांध्यांना माझ्याहून चांगला ओळखायचा, म्हणून मला खोटं बोलावं लागायचं. बोटं ठणकत असताना मी तुमच्या नाकावर टिच्चून कणीक मळली आहे. मग दुपारी कूस बदलता येत नाही म्हणून रडले आहे. तुम्ही दारातून बघून जायचात आणि काही बोलायचा नाहीत. बोलला असतात तर निदान भांडता आलं असतं. हळूहळू मी ‘मला बरं नाही’ हे वाक्यच सोडून दिलं. ते तुमचं वाक्य झालं होतं.

शाळेचंही तसंच. मुलींच्या शाळेत मी संस्कृत शिकवत होते आणि बरं शिकवत होते. त्या दिवशी मी साडीला पिना लावत होते. जरा हळू लावत होते, पण लावत होते. बाहेर आले तर तुम्ही फोन ठेवत होतात. "सांगून दिलं मी. म्हटलं, आज तिच्याशी नाही होणार." मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" तुम्ही म्हणालात, "एकेक पिन घड्याळ लावून मोजावी, इतका वेळ लागत होता तुला." असे दोन-चार फोन झाल्यावर शाळेने दुसरी बाई बघितली. त्यांची चूक नाही. रोज कोण येणार हे त्यांना माहीत नको?

आणि तुमचं ते स्वयंपाकघर! आलेला प्रत्येक माणूस ‘अन्नपूर्णा’ म्हणून गेला. मी म्हणते, अन्नपूर्णेला झाकण लावता येत नव्हतं. चादरीवर एक सुरकुती तुम्हाला खपायची नाही, चपला उंबऱ्याशी ओळीत लागायच्या. आणि डबे बघावेत तर साखरेचं झाकण नुसतं टेकवलेलं, गुळाचं तिरकं, लोणच्याच्या बरणीचं एका आट्यावर अडकलेलं. गुळात मुंग्या. दिवाळीचा चिवडा देवदिवाळीच्या आत सादळलेला. मी ओरडायचे, "वहिनी, झाकण!" तुम्ही म्हणायचात, "राहू दे." मी घट्ट लावून यायचे, दुसऱ्या दिवशी ते परत ढिलं. हे भांडण आपण लग्नाच्या साड्या विटेपर्यंत चालवलं. तुमचे हे भक्त येऊन गेले ना, त्यातल्या एकालाही मी ते मुंग्यांचं सांगितलं नाही. एवढी मी चांगली वागले आहे.

एक गोष्ट मान्य करते, कारण नाही केली तर तुम्ही फोटोतून तसं बघाल. ज्या दिवसांत माझे हात डोक्यापर्यंत जायचे नाहीत, तेव्हा माझी वेणी तुम्ही घातलीत. गच्चीत उन्हात बसवून, तेल कोमट करून. ह्या उत्तरेकडच्या गावची थंडी हाडात शिरते, आणि माझ्या हाडांना तर ती पत्ता विचारत येते. तेव्हा तुमची बोटं माझ्या मानेला लागायची, ती गरम असायची. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की केस कापून टाक, सोयीचं पडेल. दुसऱ्या सगळ्यांनी म्हटलं होतं. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. बस, एवढंच.

आता महालक्ष्म्यांचं बोलू.

आपल्या घरची रीत सरळ आहे, पुरणाचा नैवेद्यसुद्धा महालक्ष्म्या येतात त्याच दिवशी. थोरली महालक्ष्मी मोठ्या सुनेने आणायची, धाकटी धाकट्या सुनेने. खालच्या दारापासून वरच्या खोलीपर्यंत कुंकवाची पावलं काढायची, आणि पितळी मुखवटा तबकात घेऊन त्या पावलांवरून जिना चढायचा. प्रत्येक दारात कोणीतरी विचारणार, "कोण आली?" आपण म्हणणार, "महालक्ष्मी आली." "काय घेऊन आली?" खालच्या दारात धनधान्य, जिन्याच्या वळणावर विद्या, आणि वरच्या दारात आरोग्य. लग्नानंतर काही वर्षं धाकटी मीच आणली. मग माझी बोटं सुरू झाली आणि तुम्ही म्हणालात, "मुखवटा पडला तर अपशकुन होईल. दोन्ही मीच आणते." त्या वर्षापुरतं, असं मला वाटलं होतं. ती तुमची वहिवाटच झाली.

गेल्या भाद्रपदात माझी बोटं इतकी मोकळी होती की सकाळपासून पुरणपोळ्या मी एकटीने लाटल्या. तुम्ही भाजत होतात आणि मधूनमधून ओट्याला टेकत होतात. ते मी बघितलं. मी म्हटलं, "आज धाकटी मी आणते."

"नको."

"पोळ्या लाटायला माझे हात चालतात आणि देवीला चालत नाहीत?"

"पोळी पडली तर उचलून कुत्र्याला घालता येते," तुम्ही म्हणालात. पाहुण्या बायका हसल्या. बोलण्यात तुमचा हात कोणी धरला नसता.

तर तुम्ही थोरली वर आणलीत. परत खाली गेलात आणि माझी, धाकटी, उचललीत. मुक्ता वरच्या दारात उभी राहून विचारत होती. खाली धनधान्य झालं. वळणावर विद्या झाली, जरा तुटत. मग वरच्या दारात मुक्ताने विचारलं, "काय घेऊन आली?" आणि तुम्ही उभ्याच राहिलात. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, ओठ हलताहेत पण शब्द बाहेर येत नाही. तबक मात्र घट्ट धरलेलं. मुक्ताने परत विचारलं. तुम्ही नाही बोललात.

कोणीतरी म्हणालं, "भरून आलं त्यांना." समोरच्या भाभीजी हात जोडून म्हणाल्या, "माता आ गई भाभीजी में." आणि एकेक करून सगळ्या वाकल्या. तुमच्या पायांवर कुंकू वाहिलं. भाऊजींचे डोळे पाणावले. दम कोंडलेल्या बाईची आपण तिथल्या तिथे आरती केली, वहिनी. माझ्या एकटीला कळत होतं की हे काय आहे, कारण त्या घरात आजार वाचता येणारी दुसरी बाई मीच होते. मी तबक काढून घेतलं, तुम्हाला खाली बसवलं आणि कुंकवाने भरलेल्या तुमच्या पायावर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"हात काढ," तुम्ही दबक्या आवाजात म्हणालात. "लोक बघून राहिलेत."

नंतर तुम्ही डोळे उघडून सगळ्यांकडे प्रसन्न हसलात. कोणालाही म्हणाला नाहीत की मला दम लागला होता. देवी अंगात आली हे लोकांचं म्हणणं तुम्ही अंगाला लावून घेतलंत. तुम्हाला ते सोयीचं पडलं. मी अजून तुमच्या पायाशीच बसले होते आणि तुम्ही पुरणाचं ताट वाढायला उठलात.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर बोलले. मुद्दाम सगळ्यांसमोर. म्हटलं, "वहिनींना डॉक्टरकडे न्यायला हवं. काल ते भरून येणं वगैरे नव्हतं. त्यांना श्वास घेता येत नव्हता. पाय सुजलेत." भाऊजींनी पेपर खाली केला. क्षणभर मला वाटलं, झालं, ऐकलं. तेवढ्यात तुम्ही कप देता देता माझं मनगट धरलंत, पेरं दाबलीत आणि टेबलाकडे बघून म्हणालात, "आज हिचा दिवस नाही."

सगळे हसले. श्रीकांत हसला, मुक्ता हसली. भाऊजी म्हणाले, "अगं, ती चांगली-भली तर आहे. तू आपली तबियत सांभाळ." आणि पेपर वर गेला.

त्या हसण्याचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

मी तरी सोडलं नाही, हे तुम्हाला कबूल करावं लागेल. श्रीकांतला एकटं गाठून सांगितलं. तो म्हणाला, "तुला तर सगळीकडे बिमारीच दिसते." शेवटी फूलबागेजवळच्या डॉक्टरांकडे मी तुमच्या नावाने नंबर लावला आणि बाजाराला जायचंय म्हणून तुम्हाला घेऊन गेले. तुम्ही पाटी वाचलीत, माझ्याकडे बघितलंत आणि बाकावर बसलात. मला वाटलं, जिंकले. नंबर आला. आत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कोणाला दाखवायचंय? आणि तुम्ही मला दंडाला धरून स्टुलावर बसवलंत.

"हिला. हिच्या बोटांना सूजन राहते."

मी म्हटलं, "डॉक्टर, मला नाही, ह्यांना. ह्यांना दम लागतो." डॉक्टरांनी आधी तुमच्याकडे बघितलं. गोल चेहरा, ठसठशीत कुंकू, केसात फूल. मग माझ्याकडे, काळवंडलेल्या डोळ्यांकडे, वाकड्या करंगळीकडे. तुम्ही हसून म्हणालात, "ही अशीच करते. स्वतःचं सोडून सगळ्यांची काळजी." त्यांनी माझी नाडी बघितली. तुमच्या नावावर लावलेल्या नंबरात माझं ब्लड प्रेशर मोजून आपण बाहेर आलो.

येताना तुम्ही तिळाची गजक घेतलीत आणि रिक्षात अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवलात. मी तो घेतला नाही. मी रडत होते, रागाने. तेव्हा एकदाच तुम्ही धड उत्तर दिलंत.

"नीलिमा, एका घरात एकच बिमार चालतो. ती जागा भरलेली आहे."

"मी मागितली होती ती जागा?"

"नाही मागितली. पण तू आहेस तिथे. आता मी पण पडले तर तुझ्याकडे कोण बघणार? फालतू बात नको करू. गजक खा."

मी कितीदा ते वाक्य उलटसुलट करून बघते आहे. लोकांना सांगितलं तर ते म्हणतील, केवढा हा त्याग! मला त्याग वाटत नाही. मला तो हट्ट वाटतो. तुम्ही ठरवलंत की मी कशी आहे, आणि तुम्ही ठरवलंत की तुम्ही कशा आहात, आणि दोन्हीकडे दुसऱ्या कोणाला बोलायची सोय ठेवली नाहीत. माझ्यासाठी तुम्ही उभ्या राहणार होतात ना? मग कुठे आहात?

तुम्ही गेलात तेव्हा मी बोलत होते. आठवतं का तुम्हाला? गच्चीत ऊन जरा उशिरानेच आलं होतं, सकाळभर धुकं होतं. माझे खांदे आखडले होते म्हणून तुम्ही माझ्या मागे वेताच्या मोड्यावर बसून वेणी घालत होतात. मी त्याच त्या गुळाच्या डब्यावरून तुम्हाला झाडत होते. सकाळी परत मुंग्या निघाल्या होत्या. म्हटलं, "इतकी वर्षं सांगतेय, एक झाकण फिरवायला काय लागतं हो?" तुम्ही ‘हं’ म्हणालात. तुमचा हात थांबला. मला वाटलं ऊन खात थांबला असाल, किंवा रिबीन शोधत असाल. मी बोलतच राहिले. मुंग्यांवरून मी चिवड्यावर आले, चिवड्यावरून लोणच्यावर. मग माझ्या पाठीवर तुमचं डोकं टेकलं. तुम्ही आयुष्यात कधी माझ्या पाठीवर डोकं टेकलं नव्हतं, म्हणून मी गप्प झाले.

अर्धी वेणी तशीच सोडून गेलात. आणि माझं भांडण अर्धं सोडून गेलात. तुमचं ते ‘हं’ मला उत्तर म्हणून चालणार नाही.

पुण्याहून अनिकेत आला. तुमचा मुलगा तुमच्यासारखाच आहे, रडायच्या आधी चिडतो. सगळं आटोपल्यावर बैठकीत बसला आणि म्हणाला, "डॉक्टर म्हणतायत हे महिन्यांपासून चाललं असणार. पाय सुजत असणार, दम लागत असणार. तुम्ही सगळे घरात होतात ना? मग किसी को पता कैसे नहीं चला?"

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"मग बोलली का नाहीस, काकू?"

मी श्रीकांतकडे बघितलं. तो खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. "तू बोलली होतीस का?" त्याने विचारलं. बनेलपणा नव्हता त्यात. त्याला आठवतच नव्हतं. भाऊजींना मात्र आठवलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि आतल्या खोलीत गेले.

तेव्हा मला तुमचा जितका राग आला तितका तुम्ही जिवंत असताना कधी आला नव्हता. रोज सकाळी माझं मनगट धरून तुम्ही ह्या घराला शिकवलंत की हिच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, हिच्याबद्दल मला विचारा. घर शिकलं. चांगलं शिकलं. आणि मग एक दिवस असा आला की तुम्हाला वाचवायला माझ्या बोलण्यापलीकडे काहीच नव्हतं, आणि त्या बोलण्यावर सगळे हसले. तुम्ही मला बिनकामाची केलीत, वहिनी, आणि त्याचा फटका तुम्हाला बसला. ह्यात समाधान मानण्याइतकी मी वाईट नाही. पण तुम्हाला माफ करण्याइतकी चांगलीही नाही.

इतक्यावर थांबणार होते. पण परवाचं सांगितल्याशिवाय उठता येत नाही.

इंदूरच्या वन्सं तेराव्यापर्यंत राहिल्या. आपली नणंद, तुम्हाला माहीतच आहे, एक क्षण रिकामी बसत नाही. जायच्या आधी त्यांनी सगळं स्वयंपाकघर काढलं, घासलं, पुसलं, डबे उन्हात ठेवून भरले आणि फळीवर लावले. मला म्हणाल्या, "बघ, आता एक मुंगी दिसणार नाही." मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कोणीतरी एकदाचं केलं.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी मी चहा टाकायला उठले. बाहेर धुकं इतकं की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती. बोटं वाईट होती, रात्रभरच वाईट होती. पातेलं ठेवलं, आलं ठेचलं. साखरेचा डबा काढला आणि झाकण फिरवलं. फिरेना. फडक्याने धरलं, फिरेना. पोटाशी धरून दोन्ही तळहातांनी जोर लावला, मनगटातून कळ गेली. तो ठेवला आणि चहापत्तीचा घेतला. तोही तसाच. मग गुळाचा, पोह्यांचा, लोणच्याची बरणी. एकही उघडेना. इतक्या वर्षांत मला ह्या स्वयंपाकघरात एकदाही कोणाला हाक मारावी लागली नव्हती, आणि मला वाटत होतं की ती माझी जिद्द आहे.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. पातेल्यातलं पाणी उकळून उकळून अर्धं झालं.

बाई, एवढं तरी सांगायचं होतंत! मी रोज घट्ट करायचे, तुम्ही रोज ढिलं करायचात, आणि मी तुम्हाला अजागळ म्हणायचे. तुमच्या तोंडावर म्हणायचे, लोकांसमोर म्हणायचे. तुम्ही ‘राहू दे’ म्हणायचात. गच्चीत शेवटचं जे ऐकलंत तेही तेच. एक वाक्य बोलला असतात तर काय झालं असतं? पण नाही. मी कशी आहे हे अख्ख्या टेबलाला सांगायचात, आणि हे मात्र गिळून बसलात. ह्याचा राग मला बाकी सगळ्याहून जास्त आहे. हा काही केल्या उतरायचा नाही.

बाहेर टेबलाशी तिघं बसले होते. भाऊजी, श्रीकांत, मुक्ता. रोजच्यासारखे. तुमची खुर्ची रिकामी. मी दारात आले तेव्हा तिघांनी वर बघितलं आणि मला कळलं, ते वाट बघताहेत. कोणीतरी सांगायची वाट. मग श्रीकांतने बुटाच्या नाड्या तशाच सोडल्या.

"कशी आहेस आज?" त्याने विचारलं. मला विचारलं.

माझ्या ओठांवर ते नेहमीचं होतंच. मी बरी आहे. इतकी वर्षं घासून गुळगुळीत केलेलं वाक्य. पण ते कोणाच्या नाकावर टिच्चून म्हणायचं?

"आज माझा दिवस नाही," मी म्हटलं. "हा डबा उघडून द्या कोणीतरी."

कोणी हसलं नाही. भाऊजींनी पेपर बाजूला ठेवला. मुक्ता उठली, माझ्या हातातून डबा घेतला, एका झटक्यात उघडला आणि आत येऊन चहाचं सगळं तिनेच केलं. मला स्टूल पुढे ओढून दिलं. साखर घालून झाल्यावर ती झाकण परत करकचून लावायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं.

"अरे आई, चींटियाँ लग जाएँगी ना."

"लागू देत."